टॉम हँक्सचा ‘जो व्हर्सेस द व्होल्कॅनो’ : एका दुर्लक्षित विनोदी चित्रपटाविषयी

आवडत्या अभिनेत्याचा सुरुवातीच्या काळातला असा कोणता विनोदी चित्रपट आहे, जो इतरांच्या विस्मरणात गेला पण तुम्हाला मात्र मनापासून आवडतो, आणि तो आज पाहण्याजोगा आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर टॉम हँक्सचा ‘जो व्हर्सेस द व्होल्कॅनो’ हे आहे. मार्च १९९० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा चित्रपट हँक्सच्या चाहत्यांपैकीही अनेकांनी पाहिलेला नसतो, आणि ज्यांनी पाहिलेला असतो त्यांतले बरेच जण ‘तो विचित्र चित्रपट ना?’ एवढेच म्हणून विषय बदलतात. चित्रपट विचित्र आहे हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की या विचित्रपणाला एक शिस्त आहे, आणि ती शिस्त हँक्सने पाळल्यामुळेच त्यातला विनोद उभा राहतो.

आज हँक्स म्हटले की ‘फिलाडेल्फिया’, ‘फॉरेस्ट गम्प’ आणि त्यानंतरच्या भारदस्त भूमिका डोळ्यांपुढे येतात. त्याआधीची दहा वर्षे मात्र तो जवळजवळ निव्वळ विनोदी नट म्हणूनच ओळखला जात होता. १९८४ मध्ये ‘स्प्लॅश’ने त्याला नाव मिळवून दिले आणि १९८८ च्या ‘बिग’ने पहिले ऑस्कर नामांकन दिले. या काळातल्या हँक्सची विनोदाची रीत बडबडी, चपळ आणि थोडी आगाऊ होती. समोरचा माणूस वाक्य संपवतो न संपवतो तोच याचे उत्तर तयार असे, आणि आवाज चढवून वैतागण्यात तर त्याचा हातखंडाच होता. ‘जो व्हर्सेस द व्होल्कॅनो’ पाहायला आलेल्या प्रेक्षकाला हाच हँक्स अपेक्षित होता. पडद्यावर मात्र त्याला खांदे पाडून चालणारा, हळू बोलणारा आणि समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा एक उदास कारकून भेटला.

चित्रपटाचा लेखक आणि दिग्दर्शक जॉन पॅट्रिक शॅनली हा मुळात नाटककार होता. ‘मूनस्ट्रक’च्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळाले होते आणि त्या बळावर त्याने दिग्दर्शनाचा हा पहिला प्रयत्न केला. निर्मितीमागे स्टीव्हन स्पीलबर्गची अँब्लिन ही संस्था होती, त्यामुळे पैशांची किंवा तंत्रज्ञांची वाण नव्हती. नेपथ्यरचना बो वेल्च यांची, छायालेखन स्टीफन गोल्डब्लाट यांचे आणि संगीत फ्रान्सचे जॉर्ज डेलेरू यांचे होते. पहिल्याच चित्रपटाला अशी माणसे लाभणे हे भाग्यच म्हणायचे. पण या चित्रपटाच्या अपयशाचा फटका शॅनलीला असा बसला असावा की दिग्दर्शक म्हणून त्याचा पुढचा चित्रपट, स्वतःच्याच नाटकावर आधारलेला ‘डाउट’, थेट २००८ मध्ये आला.

कथा सुरू होते ती परीकथेसारखी, ‘एकदा एक माणूस होता आणि त्याची नोकरी फार वाईट होती’ अशा आशयाच्या पाटीने. जो बँक्स वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात, तळघरातल्या कार्यालयात काम करतो. पूर्वी तो अग्निशमन दलात होता. जिवावर बेतणारे प्रसंग पाहून त्याची हिंमत खचली आणि तेव्हापासून त्याला सतत कसले ना कसले दुखणे जाणवत असते. एक डॉक्टर त्याला सांगतो की तुझ्या मेंदूत एक प्रकारचा ढग आहे, तो बरा होणारा नाही, लक्षणे काहीच दिसणार नाहीत, आणि पाच-सहा महिन्यांत सारे संपेल. जो नोकरी सोडतो. दुसऱ्या दिवशी एक अतिश्रीमंत उद्योगपती त्याच्या दारात येऊन प्रस्ताव मांडतो : पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या लोकांना शंभर वर्षांतून एकदा ज्वालामुखीत उडी घेणारा माणूस हवा असतो, मला त्या बेटावरचे एक दुर्मीळ खनिज हवे आहे, आणि तू तर नाहीतरी मरणारच आहेस, तेव्हा राजासारखा जग आणि मर्दासारखा मर. जो हो म्हणतो. शेवटी काय होते ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण आपण चित्रपट पाहावा अशी माझी इच्छा आहे.

पहिली वीसेक मिनिटे या चित्रपटाचा कळस आहेत आणि त्यांविषयी मी थोडे सविस्तर लिहितो. एरिक बर्डनच्या खरखरीत आवाजात ‘सिक्स्टीन टन्स’ हे खाणकामगारांचे जुने गाणे सुरू असते आणि करड्या रंगाच्या चिखलातून माणसांची रांग कारखान्याकडे सरकत असते. दारापर्यंत जायची वाट सरळ असायला काहीच हरकत नव्हती, पण ती विजेच्या रेघेसारखी नागमोडी आखलेली आहे, आणि झोपेतून ओढून आणल्यासारखी दिसणारी ती माणसे निमूटपणे त्या वळणांवरूनच जातात. आत गेल्यावर हिरवट उजेड, गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट आणि गुठळ्या झालेली कॉफी. जोचा वरिष्ठ, वाटुरी, फोनवर कुणाशी तरी एकाच मुद्द्यावर वाद घालत असतो : उमेदवार नोकरी मिळवू शकेल हे मला ठाऊक आहे, पण त्याला काम जमेल का? हे वाक्य तो एकदा म्हणतो, मग पुन्हा म्हणतो, मग शब्दांवरचा जोर बदलून पुन्हा म्हणतो. डॅन हेडाया या नटाने हा संवाद इतका ताणला आहे की सुरुवातीला हसू येते, मग कंटाळा येतो, आणि तरी तो थांबत नाही म्हटल्यावर पुन्हा हसू फुटते. कंटाळ्यातून विनोद काढण्याचे हे धाडस मला फार आवडते, कारण कार्यालयातला कंटाळा असाच असतो.

या संपूर्ण भागात हँक्स जवळजवळ काहीच करत नाही. तो कोट काढतो, टोपी अडकवतो, खुर्चीत बसतो आणि उजेडाकडे त्रासिकपणे पाहतो. घरून आणलेला, समुद्रकिनाऱ्याचे चित्र असलेला एक छोटा दिवा तो टेबलावर ठेवतो. वाटुरीला तो खपत नाही. त्या दिव्याकडे पाहताना हँक्सच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटते तेवढ्यावर पुढच्या साऱ्या कथेचा भार आहे, आणि त्याने ते अजिबात ठासून दाखवलेले नाही. आठवड्याला ३०० डॉलरसाठी मी माझे आयुष्य या तळघराला विकले, असे तो नोकरी सोडताना सुनावतो, तेव्हा मात्र जुना हँक्स, म्हणजे चढ्या आवाजात वैतागणारा हँक्स, काही मिनिटांसाठी परत येतो. इतका वेळ दाबून ठेवल्यामुळे त्या उद्रेकाला धार येते. जाता जाता तो टेबलाच्या खणातून पुस्तके काढतो : ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि ‘ओडिसी’. पुढे काय काय होणार आहे हे शॅनलीने इथेच सांगून टाकले आहे, पण पहिल्यांदा पाहताना ते कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरचा प्रसंगही असाच आहे. रॉबर्ट स्टॅक हा धीरगंभीर चेहऱ्याचा नट हा निदानाचा सारा मूर्खपणा अत्यंत जबाबदारीने सांगतो, आणि हँक्स तो तितक्याच जबाबदारीने ऐकून घेतो. दोघांपैकी एकानेही जरा डोळा मिचकावला असता तर प्रसंग कोसळला असता. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची शिस्त ती हीच : जग कितीही अतर्क्य असो, जो त्याला खरेच मानतो. परीकथेतला मुलगा बोलणाऱ्या बेडकाला ‘तू बोलतोस कसा?’ असे विचारत नाही. समीक्षकांनी हा चित्रपट उपहास म्हणून पाहिला, प्रेक्षकांनी तो प्रेमकथा म्हणून पाहिला, आणि दोघेही आपापल्या परीने निराश झाले. परीकथा म्हणून त्याच्याकडे पाहणारे फार थोडे निघाले. त्या थोड्यांपैकी एक अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट होते. त्यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले आणि असे काही आपण आधी पाहिलेले नाही, या आनंदाने लिहिले. अमेरिकेतल्या तिकीटबारीवर चित्रपटाने ३ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास कमाई केली, म्हणजे तो सपशेल पडला असे नाही. पण हँक्स आणि स्पीलबर्ग या नावांकडून ज्या गल्ल्याची अपेक्षा होती त्याच्या पासंगालाही तो पुरला नाही. त्यातच दोन आठवड्यांनी ‘प्रेटी वुमन’ प्रदर्शित झाला आणि त्या वसंतात दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेविषयी बोलायला कुणाला सवड राहिली नाही.

न्यू यॉर्कमधल्या खरेदीचा भाग माझा सर्वांत लाडका आहे. खिशात उद्योगपतीने दिलेली क्रेडिट कार्डे आहेत, दिमतीला मोटार आहे आणि ती चालवायला मार्शल नावाचा एक वयस्क चालक आहे. कपडे कुठे घ्यावेत, असे जो त्याला विचारतो. मार्शल गाडी बाजूला घेतो आणि त्याला सुनावतो की, मला गाडी चालवायला ठेवले आहे. तू कोण आहेस हे मी तुला कसे सांगणार? कपडे हा माणसाच्या ओळखीचा प्रश्न आहे आणि तो तुझा तूच सोडवायला हवास. ऑसी डेव्हिस यांनी ही भूमिका अशा काही आबाने केली आहे की मोजक्या मिनिटांत चित्रपटाचे वजन बदलते. नंतर तो विरघळतो आणि जोला दुकानांतून फिरवतो. केस कापून, नवा सूट घालून जो बाहेर येतो तेव्हा त्याला पाहून मार्शलला खराच आनंद होतो, पण रात्री जेवायला सोबत येण्याची विनंती तो नम्रपणे नाकारतो, कारण त्याचे कुटुंब घरी वाट पाहत असते. आयुष्यात पहिल्यांदा हवे ते विकत घेता येणारा माणूस त्या रात्री भारी हॉटेलात एकटाच बसतो. इथे हँक्सच्या तोंडी संवाद जवळजवळ नाहीत, आणि मला तरी ते असावेत असे वाटत नाही.

याच भागात ट्रंकांचा प्रसंग येतो. सामानाच्या दुकानातला विक्रेता जोच्या प्रवासाची चौकशी करतो. विमान, मग जहाज, मग एका अनोळखी बेटावर अनिश्चित काळ मुक्काम, हे ऐकून तो हरखून जातो. प्रवास कशासाठी आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही, पण सामानाचा पेच म्हणून ही गोष्ट त्याला विलक्षण मोहक वाटते. मग तो एखाद्या पुजाऱ्याच्या भक्तिभावाने आपल्याकडची सर्वोत्तम, पाणी आत न शिरणारी ट्रंक दाखवतो आणि जो तशा चार घेतो. ही भूमिका करणारे बॅरी मॅकगव्हर्न हे आयर्लंडचे नट सॅम्युअल बेकेटच्या असंगत (ॲब्सर्ड) नाटकांसाठी नावाजलेले आहेत, आणि हे कळल्यावर त्या दोन-तीन मिनिटांतला त्यांचा गंभीर वेडेपणा अधिकच उमजतो. गंमत अशी की, ज्या गोष्टीवर आपण हसतो तीच पुढे कथेत जीव वाचवण्याच्या कामी येते. शॅनली विनोद वाया घालवत नाही.

मेग रायनचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. हँक्स आणि रायन ही जोडी ‘स्लीपलेस इन सिॲटल’ आणि ‘यू हॅव गॉट मेल’मुळे प्रसिद्ध झाली, पण दोघे पहिल्यांदा एकत्र आले ते इथे, आणि इथे रायनने तीन भूमिका केल्या आहेत. कार्यालयातली नाक ओढणारी, घाबरट डीडी, लॉस एंजलिसमध्ये भेटणारी, कविता करणारी उद्योगपतीची मुलगी अँजेलिका, आणि तिची सावत्र बहीण, जहाजाची कप्तान पॅट्रिशिया. अँजेलिका हे मला थोडे अतिरंजित काम वाटते. पण ती आपली कविता ऐकवते आणि पुन्हा ऐकायची आहे का असे विचारते, तेव्हा हँक्सने जे सौजन्य दाखवले आहे ते पाहण्यासारखे आहे. ती किती दुःखी आहे हे त्याला हळूहळू कळते आणि तिची थट्टा करण्याची आयती संधी तो सोडून देतो. आधीच्या चित्रपटांतल्या हँक्सने ती संधी सोडली नसती, असे मला वाटते.

जहाज बुडाल्यानंतर जो आणि बेशुद्ध पॅट्रिशिया त्या चार ट्रंका एकमेकींना बांधून केलेल्या तराफ्यावर तरंगत राहतात. प्यायला जेवढे पाणी आहे ते तो बाटलीच्या झाकणातून तिलाच पाजतो, स्वतः पीत नाही. करमणूक म्हणून गाणे म्हणतो, रेडिओच्या तालावर नाचतो, आणि उन्हाने हळूहळू भ्रमिष्ट होत जातो. मग एका रात्री क्षितिजावर चंद्र उगवतो, अवघा पडदा व्यापून टाकणारा. धड उभेही राहता येत नसलेला जो हात वर करून, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही अशा देवाचे आयुष्याबद्दल आभार मानतो. विनोदी चित्रपटात असा प्रसंग बेतणे ही जोखीम होती. चंद्र उघडउघड स्टुडिओतला आहे, समुद्रही तसाच आहे, आणि तरीही हँक्सच्या खरवडून गेलेल्या आवाजात एवढा सच्चेपणा आहे की कृत्रिमतेची अडचण होत नाही. दहा वर्षांनी ‘कास्ट अवे’मध्ये याच नटाने बेटावर एकाकी पडलेल्या माणसाची भूमिका केली आणि जगाने ती डोक्यावर घेतली. त्या भूमिकेची कच्ची आखणी मला या तराफ्यावर दिसते.

पुन्हा पाहताना आणखी एका गोष्टीची मजा येते. सुरुवातीची ती नागमोडी रेघ चित्रपटभर परत येत राहते : कंपनीच्या बोधचिन्हात, जोच्या घराच्या भिंतीवरच्या तड्यात, जहाजावर कोसळणाऱ्या विजेत, आणि शेवटी ज्वालामुखीवर चढणाऱ्या मशालींच्या वाटेत. बो वेल्च यांनी हे इतक्या सहजपणे केले आहे की शोधत बसले नाही तर जाणवतही नाही, आणि एकदा जाणवले की ‘ही कथा भरकटते’ हा चित्रपटावरचा नेहमीचा आक्षेप निदान मला तरी पटेनासा होतो.

तरीही चित्रपटात उणिवा आहेत, आणि त्यांतली सर्वांत ठळक उणीव ते बेटच आहे. वापोनी लोक हे रोमन काळात भरकटलेल्या जहाजातून आलेल्या ज्यू, केल्टिक वगैरे लोकांचे आणि स्थानिकांचे संमिश्र वंशज आहेत, आणि त्यांना नारिंगी सोड्याचे व्यसन आहे, अशी कल्पना केली आहे. कुठल्याही खऱ्या बेटवासीयांची टवाळी होऊ नये म्हणून ही युक्ती केली असेलही. पण पडद्यावर शेवटी उरते ते रंगीबेरंगी पोशाखांतल्या ‘भोळ्या आदिवासीं’चे जुनेच चित्र, आणि आज ते पाहताना अवघडल्यासारखे होते. एब विगोडा यांनी त्यांच्या थकलेल्या सरदाराची भूमिका कितीही मजेदार केली असली तरी ही अडचण दूर होत नाही. शिवाय पहिल्या अर्ध्या भागात प्रत्येक प्रसंग घोटून आलेला आहे, तर बेटावर पोहोचल्यानंतर सारे घाईत उरकल्यासारखे वाटते. शेवट मला आवडतो, पण तिथवर नेणारी वाट अधिक सावकाश असायला हवी होती.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी सांगायचे तर, होय, तो आजही पाहण्याजोगा आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी पाहू नये. तळघरातला तो हिरवट अंधार आणि तो अवाढव्य चंद्र यांना शक्य तितका मोठा पडदा लागतो, आणि वाटुरीच्या त्या फोनला सलग बसलेला प्रेक्षक लागतो. पहिल्या वीस मिनिटांत एकदाही हसू आले नाही तर खुशाल बंद करावा, कारण पुढे विनोदाची जात बदलत नाही. हँक्सचे दोन चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल तर आधी ‘बिग’ पाहावा आणि मग हा. दोन वर्षांच्या अंतराने एकाच नटाने विनोदाच्या दोन किती निराळ्या रीती हाताळल्या आहेत, हे तेवढ्याने स्पष्ट दिसते.